टोपली उलटत का नाही? सेझाँची सफरचंदं पाहताना

प्रश्न असा आला आहे: "लेकीकडे शिकागोला गेलो असताना तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पॉल सेझाँचं 'सफरचंदांची टोपली' हे चित्र पाहिलं. बाटली एका बाजूला कललेली, टेबलाची कड डावीकडून उजवीकडे एका रेषेत नाही, टोपली तर आत्ता उलटेल अशी. शाळेत मी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. तिथं असं स्थिरचित्र काढलं असतं, तर ड्रॉइंगच्या सरांनी कागद परत दिला असता. जावई म्हणाले की हा फार मोठा चित्रकार. मला मात्र त्यात काय बघायचं ते कळलं नाही. फळं आणि भांड्यांचं चित्र बघायचं तरी कसं?"

मी स्वतः तैलरंगात स्थिरचित्रं करते आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला जे खटकलं ते सगळं त्या चित्रात खरोखरच आहे. बाटली डावीकडे कललेली आहे आणि तिचे दोन्ही खांदेही सारखे नाहीत. पांढऱ्या कापडाच्या डावीकडे दिसणारी टेबलाची कड उजवीकडच्या कडेशी जुळत नाही. पट्टी लावून पाहिलंत तरी जुळणार नाही. बशीत बिस्किटांची चळत आहे, तिच्यातली खालची बिस्किटं समोरून पाहिल्यासारखी आणि वरची थोडी वरून पाहिल्यासारखी आहेत. हे सारं तुमच्या लक्षात आलं याचं श्रेय तुमच्या ड्रॉइंगच्या सरांना द्या. त्या चित्रासमोरून जाणारे कितीतरी लोक "सफरचंदं छान आहेत" एवढं म्हणून पुढे सरकतात. तुम्हाला लंबवर्तुळ, उभा अक्ष, नेत्रपातळी (बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची) या गोष्टी शिकवलेल्या होत्या, म्हणून तुम्ही तिथं अडखळलात. माझ्या मते स्थिरचित्र बघायला सुरुवात करायची ती नेमकी अशा अडखळण्यापासून.

परीक्षेत गुण कापले गेले असते हेही खरं, आणि ते योग्यच झालं असतं. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात मुलाला समोरचं दिसतं का आणि दिसलेलं कागदावर उतरवता येतं का, एवढंच तपासायचं असतं. तांब्याचं तोंड नेत्रपातळीच्या हिशेबानं किती उघडं दिसतंय, मागे-खाली सोडलेल्या कापडाची, म्हणजे ड्रेपरीची, चुणी कुठून निघून कुठे विरते, उजेड कुठल्या बाजूनं येतोय, पडछाया कुठवर जाते. ही पायरी चढल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. सेझाँही ती चढलेला होता. फ्रान्सच्या दक्षिणेतल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स या गावी १८३९ मध्ये त्याचा जन्म झाला, गावातल्याच चित्रशाळेत तो रेखांकन शिकला आणि पुढे आयुष्यभर पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रांवरून, शिल्पांवरून अभ्यास करत राहिला. तरीही त्याच्या काळातल्या लोकांना तुमच्यासारखाच प्रश्न पडला होता. ह्युसमान्स या लेखकानं तर १८८०च्या दशकात त्याच्याबद्दल लिहिताना त्याच्या डोळ्यांतच बिघाड असल्याचं म्हटलं होतं.

मग चूक कुठली आणि चित्रकारानं जाणून घेतलेला निर्णय कुठला, हे ओळखायचं कसं? त्यासाठी मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट करायला लावते. जे वाकडं वाटतंय ते मनातल्या मनात सरळ करून बघायचं. सरळ केल्यावर चित्र सुधारलं, किंवा काहीच फरक पडला नाही, तर ती चूक. सरळ केल्यावर चित्रातून काहीतरी निसटलं, आजूबाजूच्या वस्तू सैल पडल्या, तर तो निर्णय. सेझाँच काय, कुणाचंही स्थिरचित्र असं बघता येतं, आणि त्यासाठी कलेचा इतिहास पाठ असावा लागत नाही.

तुम्ही पाहिलेल्या चित्रावरच हे करून बघू. चित्र साधारण १८९३चं, कॅनव्हासवर तैलरंगात, ६५ सेंटिमीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद. आर्ट इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात पाहता येतं आणि उतरवूनही घेता येतं. ते समोर उघडून ठेवा.

आधी बाटली. ती आडोशाला जावी असं बोट पडद्यावर धरा. चित्राचे लगेच दोन भाग पडतात. डावीकडे जड, भरलेली टोपली. उजवीकडे बशी आणि बिस्किटं, त्या मानानं हलकी. मधे पोकळी. म्हणजे या दोन भागांना जोडायला तिथं एक उभी, गडद वस्तू हवीच होती. आता बोट काढा आणि बाटली ओळंब्यात सरळ उभी आहे अशी कल्पना करा. ती कुंपणाच्या खांबासारखी उभी राहते आणि चित्र पुन्हा दुभंगते, फक्त आता पोकळीऐवजी खांबानं. कललेली बाटली तसं होऊ देत नाही. तिचा कल टोपलीकडे आहे, त्यामुळे तिचं वजन टोपलीच्या बाजूला मिळतं, आणि पुढे झुकलेल्या टोपलीला मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं.

आता टोपली. ती टेबलावर सपाट ठेवलेली नाही. तिच्याखाली एक ठोकळा दिलेला दिसतो आणि तिचं तोंड आपल्याकडे कलतं केलेलं आहे. प्रत्यक्षात अशी टोपली ठेवली तर आतली फळं घरंगळत जमिनीवर येतील. इथं ती येत नाहीत, कारण खाली पांढरं कापड आहे. या कापडाकडे लोक सर्वांत कमी बघतात. मला मात्र अख्खं चित्र त्याच्यावर तोललेलं दिसतं. त्याच्या चुण्या खऱ्या सुती कापडासारख्या ढिल्या पडलेल्या नाहीत. त्या ताठ आहेत, उंच-सखल आहेत आणि फळांना अडवून धरतात. एकेक सफरचंद घेऊन बघा: कुणी चुणीच्या कुशीत बसलंय, कुणी उतारावर आहे, एखादं कापडाबाहेर टेबलाच्या तपकिरी पृष्ठभागावर येऊन थांबलंय. पडण्याची ओढ आणि थांबवणारा आधार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत राहतात. टोपली सरळ ठेवून बघा. ओढच संपते. मग उरतं फळांचं एक नीटनेटकं चित्र, जे कुणाच्याही दिवाणखान्यात शोभलं असतं आणि आठवड्यात विसरलं गेलं असतं.

टेबलाच्या कडेचं थोडं वेगळं आहे. कड जिथं तुटते ती जागा सेझाँनं कापडाखाली झाकलेली आहे, हे बघा. डावीकडची कड कापडाखाली शिरते आणि उजवीकडे निघते तेव्हा ती भलत्याच उंचीवर असते. मधे काय झालं ते आपल्याला दाखवलेलंच नाही. नुसतं चुकलं असतं तर ते कुठेही चुकलं असतं. इथं तुटण्याची जागा निवडलेली आहे. कड सलग, सरळ काढली असती तर खालून एक आडवी फळी गेली असती आणि सगळ्या वस्तू दुकानातल्या मांडणीवर ठेवल्यासारख्या तिच्यावर बसल्या असत्या. तुटलेल्या कडेमुळे टेबल डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं होतं, टोपलीला तिची जमीन मिळते आणि बशीला तिची.

इथं तुम्हाला कुठेतरी असं वाचायला मिळेल की सेझाँनं एकाच चित्रात अनेक कोनांतून पाहिलं आणि त्यातून पुढे पिकासो आणि ब्राक यांचा क्युबिझम, म्हणजे एकच वस्तू अनेक बाजूंनी एकत्र दाखवणारी शैली, आली. यात तथ्य आहे. एकाच मांडणीसमोर दिवसचे दिवस बसणारा माणूस मान हलवतो, खुर्ची सरकवतो, कधी उभा राहतो; बशीचं लंबवर्तुळ दर वेळी बदलतं, आणि जे ज्या क्षणी दिसलं ते तसंच ठेवायचं त्यानं ठरवलं तर अशा कडा तुटणारच. पण हे स्पष्टीकरण आता फार सहज फेकलं जातं. ते ऐकून माणसाला वाटतं की कळलं, आणि तो चित्र बघायचं थांबवतो. कोन किती होते हे मोजण्यापेक्षा त्या तुटण्यानं शेजारच्या वस्तूंचं काय झालं ते बघावं, असं मला वाटतं.

आता जवळ जाऊ या, कारण खरी मजा तिथं आहे. टोपलीतलं किंवा कापडावरचं एखादं तांबडं-पिवळं सफरचंद निवडा आणि पडद्यावर तेवढंच मोठं करा.

तुम्हाला शाळेत गोल वस्तूचं शेडिंग शिकवलं असेल: हायलाइट, मग उजेडाचा भाग, मग मधला टोन, मग गडद सावली, कडेला परावर्तित प्रकाश आणि खाली पडछाया. रंग तोच, फक्त तो उजळ होत जातो किंवा काळपट होत जातो. सेझाँच्या सफरचंदात तसं घडत नाही. तिथं रंगच बदलतो. पिवळ्याचा एक पट्टा, त्याला लागून नारिंगी, मग तांबडा, मग कडेकडे जाताना गडद किरमिजी किंवा हिरवट. प्रत्येक फटकारा वेगळा दिसतो. घासून मऊ केलेला नाही. आणि तरी दोन पावलं मागे गेलात की फळ गोल होतं, हातात धरता येईल इतकं घट्ट होतं. गोलाई त्यानं काळोखातून न काढता उष्ण रंगाकडून शीत रंगाकडे जात काढली. उष्ण रंग डोळ्याकडे येतात, शीत रंग मागे सरतात, हे आपण रंगसिद्धांतात शिकतो. त्या एका वाक्यावर या माणसानं सफरचंद उभं केलं.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला शिकवताना फार उपयोगी पडली. एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला सेझाँनं २५ जुलै १९०४ रोजी एक पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की संत्रं असो, सफरचंद असो, चेंडू असो किंवा माणसाचं डोकं, प्रत्येकात एक बिंदू असा असतो जो आपल्या डोळ्याला सर्वांत जवळ असतो, मग उजेड-सावलीचा आणि रंगाचा परिणाम कसाही असो. हे वाक्य हळू वाचा. शाळेतल्या शेडिंगमध्ये सगळा मान हायलाइटला, म्हणजे उजेड जिथं पडतो त्या जागेला. उजेड बाजूनं येत असेल तर ती जागा फळाच्या एका अंगाला सरकलेली असते. डोळ्याला जवळचा बिंदू मात्र आपल्या समोरच असतो. हे दोन बिंदू वेगळे आहेत, आणि सेझाँचा जीव दुसऱ्यात होता. त्याच्या बऱ्याच सफरचंदांत सर्वांत भरलेला, उष्ण रंग त्या समोर आलेल्या फुगीर जागेपाशी सापडतो. म्हणून ती फळं उजळून निघालेली वाटण्याऐवजी आपल्याकडे आलेली वाटतात.

कडेची रेषाही बघून घ्या. ती सलग नाही. निळसर गडद रेघ एक, तिच्या शेजारी दुसरी, कुठे तिसरी, आणि मधेच रेघ सोडूनच दिलेली. फळाची कड म्हणजे जिथं फळ संपतं ती जागा नव्हे. तिथून ते वळून मागे जातं. एकच पक्की रेघ मारली की फळ कापून चिकटवल्यासारखं होतं. दोन-तीन रेघांत नेमकी कड कुठली हे डोळ्याला ठरवावं लागतं आणि त्या ठरवण्यात फळ वळतं. पांढरं कापडही असंच. त्यातला नुसता पांढरा शोधून बघा, फार कमी हाती लागेल. निळा, राखाडी, थोडा हिरवा, थोडा पिवळट, असं सगळं आहे. मागची निळसर करडी भिंतसुद्धा रिकामी नाही. तिच्यातले निळे आणि कापडातले निळे एकमेकांना धरून आहेत. भिंत झाकलीत तर कापड एकाकी पडतं.

हे सगळं आपोआप होत नाही, हे सांगण्यासाठी एक हकिगत सांगते. लुई ल बाय नावाच्या चित्रकारानं सेझाँला स्थिरचित्राची मांडणी करताना पाहिलं होतं आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. टेबलावर कापड अंथरलं, मग फळं ठेवायला सुरुवात केली: हिरव्याजवळ तांबडं, निळ्याजवळ पिवळं, एकेक फळ फिरवून, कलतं करून. आणि हवा तसा कल मिळावा म्हणून फळांखाली एक-दोन सू (फ्रान्समधलं तेव्हाचं चिल्लर नाणं) किमतीच्या नाण्यांचा आधार दिला. म्हणजे वस्तूंचा कल ब्रश हातात घेण्याआधीच ठरत होता. त्यानंतर तो इतक्या संथपणे काम करी की फळं नासून जात, फुलं सुकत; म्हणून कागदी फुलं वापरायची वेळ आली. आंब्र्वाझ व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र त्यानं केलं तेव्हा व्होलारला ११५ वेळा बसावं लागलं, आणि बसल्या बसल्या डुलकी लागून तो हलला तेव्हा सेझाँ त्याच्यावर ओरडला, सफरचंद कधी हलतं का! माणसाकडूनही त्याला फळाचीच स्थिरता हवी होती. याच व्होलारनं १८९५ मध्ये पॅरिसला सेझाँचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन भरवलं. सेझाँ तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. तुम्ही पाहिलेलं चित्र त्या प्रदर्शनात होतं. त्यावर सेझाँची सही आहे, आणि तो क्वचितच चित्रांवर सही करत असे.

सफरचंदच का, असं तुमच्या मनात आलं असेल. त्याची एक आठवण सेझाँचा तरुण कवी-मित्र जोआशिम गास्के यानं नोंदवली आहे: एक्सच्या शाळेत एमिल झोला, पुढे प्रसिद्ध झालेला लेखक, सेझाँच्या बरोबर होता. इतर मुलांनी झोलाला वाळीत टाकलं तेव्हा सेझाँ त्याच्याशी बोलला म्हणून त्यानं मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी झोला त्याच्यासाठी सफरचंदांची टोपली घेऊन आला. सेझाँनं हे उतारवयात सांगितलं. मला ही आठवण आवडते. पण बाटली का कलली याचं उत्तर तिच्यात मिळत नाही, म्हणून चित्र बघताना ती बाजूला ठेवलेली बरी. प्रतीकांचंही तसंच. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये स्थिरचित्रांत कवटी, विझती मेणबत्ती, घड्याळ आलं की आयुष्य क्षणभंगुर आहे असा अर्थ लोक वाचत, आणि तिथं तो वाचावा. प्रत्येक टोपलीत तो शोधायची गरज नाही.

हॉलंडचा विषय निघालाच आहे तर एक चित्र जाता जाता सांगते, कारण आपल्या माणसाला ते लगेच जवळचं वाटतं. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार पीटर क्लासचं १६२७चं मोठं चित्र आहे, त्यात टर्की पक्ष्याचा 'पाय' (pie) हा भाजलेला पदार्थ मांडलेला आहे. भरल्या टेबलावर अर्धवट सोललेलं लिंबू आहे, आणि एका बाजूला मिरी आहे, चक्क पंचांगासारख्या छापील पुस्तकाच्या पानाची गुंडाळी करून केलेल्या पुडीत. ही मिरी आशियातून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येत होती आणि ती टेबलावर असणं हा श्रीमंतीचा भाग होता. क्लासचं सगळं लक्ष पोतावर आहे: लिंबाच्या सालीचा खरखरीतपणा, काचेतली चमक, कागदाची घडी. त्याच्या टेबलाची कड कललेली चालली नसती, कारण तिथं आपला विश्वास वस्तूच्या खरेपणावर बसायला हवा. प्रत्येक चित्रकार काहीतरी घट्ट धरतो आणि त्यासाठी दुसरं काहीतरी सोडतो. क्लासनं पोत धरला. सेझाँनं वजन आणि तोल धरला, पोत सोडला. त्याच्या सफरचंदाची साल गुळगुळीत आहे की खरबरीत हे तुम्हाला सांगता येणार नाही, पण ते किती जड आहे ते सांगता येईल.

तुलना करायला याहून चांगलं चित्र तुम्हाला शिकागोतच मिळेल. त्याच संग्रहालयात अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ज्याँ-सिमेऑन शार्दँ याचं 'पांढरा टेबलक्लॉथ' आहे, १७३१-३२च्या सुमाराचं. पाव, सॉसेज, सुरी, वाइनचे पेले आणि टेबलावरून खाली आलेलं पांढरं कापड. जाणकारांच्या मते ते उन्हाळ्यात न वापरल्या जाणाऱ्या शेकोटीपुढे ठेवायला केलेलं असावं. दोन्ही चित्रांतली कापडं एकापाठोपाठ एक बघा. शार्दँचं कापड आपल्या वजनानं खाली सुटलंय, कुणीतरी नुकतं जेवून उठलंय असं वाटतं. सेझाँच्या कापडाला गुरुत्वाकर्षणाशी फारसं देणंघेणं नाही. ते फळांच्या सोयीसाठी उभं राहिलंय. एकच वस्तू, मधे दीडशेच्या वर वर्षं, आणि दोन अगदी वेगळ्या मागण्या.

शार्दँ मला फार प्रिय आहे, म्हणून आणखी एक. त्याचं १७६१चं 'रानस्ट्रॉबेरीची टोपली' २०२४ मध्ये लूव्हरनं घेतलं, त्यासाठी सामान्य लोकांनीही देणग्या दिल्या. टोपलीत स्ट्रॉबेरीचा लालभडक ढीग, शेजारी पाण्याचा ग्लास, दोन पांढरी कार्नेशनची फुलं, एक पीच, दोन चेरी. बास. इथं वाकडं काहीच नाही, म्हणून आपली कसोटी थोडी बदलायची: सरळ करण्याऐवजी एकेक वस्तू झाकायची. पांढरी फुलं झाकली की ढिगाचा लाल रंग फिका पडतो, कारण त्याला जाब देणारं पांढरं उरत नाही. ग्लास झाकला की त्या सगळ्या गर्द रंगाला मिळालेली थंड, पारदर्शक जागा जाते. दोन चेरी एवढ्याशा, पण त्यांनी ढिगातला लाल उजवीकडे नेला आहे. एवढ्या कमी वस्तूंत इतका नेमका हिशेब करणारा दुसरा चित्रकार मला माहीत नाही. विश्वकोशकार दिदरो हा त्याच्या काळातला कडक समीक्षक, तोही शार्दँपुढे नम्र होई.

हे नम्र होणं तेव्हा सोपं नव्हतं. फ्रान्सच्या राजेशाही चित्र-शिल्प अकादमीसाठी आंद्रे फेलिबियाँ या लेखकानं १६६७ मध्ये चित्रविषयांची उतरंड लावून ठेवली होती. सर्वांत वर इतिहास आणि पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्रं, प्राणी, निसर्ग, आणि तळाशी फळं, फुलं, शिंपले. कारण काय, तर त्यात कल्पनाशक्ती लागत नाही, समोरचं उतरवायचं असतं. माझं मत उलट आहे. प्रसंगाच्या चित्रात गोष्ट चित्रकाराला सांभाळून घेते. राजाचा चेहरा नीट नसला तरी युद्ध कुठलं ते कळतं. बशी आणि सफरचंदाच्या मागे लपायला गोष्ट नसते. काय कुठे ठेवलं, दोन वस्तूंमधे किती जागा सोडली, कुठली कड पक्की केली, कुठली विरू दिली, एवढंच असतं, आणि ते सगळं उघड्यावर असतं. म्हणून ज्यांना चित्र म्हणजे काय हेच तपासायचं होतं ते वारंवार स्थिरचित्राकडे आले.

जावयांच्या म्हणण्याचा खुलासाही इथंच करते. सेझाँ १९०६ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात त्याची ५६ चित्रं एकत्र दाखवली गेली. तरुण चित्रकारांच्या एका अख्ख्या पिढीनं ती पाहिली. त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. सय्यद हैदर रझा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक. १९४८ मध्ये श्रीनगरला त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराशी पडली. त्यानं रझांची चित्रं पाहून सांगितलं की तुमच्यात गुण आहे, पण चित्राला बांधणी नाही. सेझाँचा अभ्यास करा. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले. बांधणी हा शब्द तुमच्या टोपलीला लावून बघा. त्याच ग्रुपमधले कृष्णाजी हौळाजी आरा मुंबईत घरगडी म्हणून, मोटारी धुऊन दिवस काढत चित्रकार झाले, आणि त्यांचं नाव झालं ते फुलांच्या आणि फळा-भांड्यांच्या चित्रांमुळे. आरांचं स्थिरचित्र कुठे पाहायला मिळालं तर सोडू नका. ताट, भांडी, फळं आपल्या ओळखीची असतात, त्यामुळे रचनेकडे लक्ष जायला वेळ लागत नाही.

आता पुन्हा शिकागोला जाल तेव्हासाठी. एका भेटीत दोनच स्थिरचित्रं बघा, आधी शार्दँ, मग सेझाँ. सेझाँसमोर आधी इतकं लांब उभं राहा की फटकारे दिसणार नाहीत. वस्तूंचे आकार आणि कल एवढेच दिसू द्या. मग हळूहळू पुढे जा. फळ कुठल्या अंतरावर रंगाच्या ठिपक्यांत विरघळतं ते बघा आणि तिथून पाऊलभर मागे या. हे अंतर छापील प्रतीत किंवा फोनवर कधीच कळत नाही, मूळ चित्र बघण्याचा खरा लाभ तोच. बारकाईनं बघायला घरी मोठी केलेली प्रत आहेच. वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागांचे आकारही बघा. बाटली आणि टोपली यांच्या मधला भिंतीचा तुकडा, बशी आणि बाटलीच्या मधला तुकडा. चांगल्या स्थिरचित्रात हे तुकडेही वस्तूंइतकेच विचारानं आकारलेले असतात.

आणि तुम्ही इंटरमिजिएट दिलेली आहे, तर हात पुन्हा चालवा. टेबलावर न इस्त्री केलेलं पांढरं कापड, एक बशी, तीन-चार सफरचंदं किंवा पेरू. फळांखाली नाणी सरकवून त्यांना वेगवेगळे कल द्या. टेबललॅम्प अगदी एका बाजूला लावा, म्हणजे फळावरचा उजेडाचा ठिपका एकीकडे आणि तुमच्या डोळ्याला जवळची जागा दुसरीकडे अशी स्पष्ट फारकत होईल. पेस्टल किंवा पोस्टर कलर घ्या. सर्वांत उष्ण रंग त्या जवळच्या जागेवर ठेवा आणि तिथून कडेकडे जाताना प्रत्येक फटकाऱ्याला रंग बदलत न्या, घासून मिसळू नका. काळ्याची बाटली उघडूच नका. गडद हवं तिथं निळा, किरमिजी, गर्द हिरवा वापरा. एक फळ जमलं की त्याच्या शेजारचं घ्या, आणि दुसऱ्याचा रंग ठरवताना कागदावरच्या पहिल्या फळाकडे बघा, टेबलाकडे नंतर.